पाणउंदरांचे प्रमुख मार्गदर्शक

गोविंदकाकांनी उन्मेषला ‘तुम्ही’ म्हटलं तेव्हा तो आमटीभाताचा दुसरा घास तोंडात घालत होता.

“भात घ्या ना अजून,” काका म्हणाले. “संकोच करू नका तुम्ही.”

उन्मेषने मागे वळून पाहिलं. मागे फ्रिज होता. काका फ्रिजशी बोलत नसावेत, कारण फ्रिजला ते ‘हा खटारा’ म्हणत. म्हणजे ‘तुम्ही’ तोच.

दोन वर्षांपूर्वी सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या या फ्लॅटची मागची खोली त्याने भाड्याने घेतली, त्या दिवशी त्याने काकांच्या तोंडून ‘तुम्ही’ ऐकलं होतं. ते तेवढा एकच दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या दारावर थाप पडली. “अरे, आत घर बांधतोयस का? माझी बस चुकेल!” काका जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत इंजिनियर होते. कंपनीची बस कुणासाठी थांबत नसे, आणि त्या दिवशी ती खरोखरच चुकली. काका त्याला वाटेल ते बोलले, आणि त्या बोलण्यावर उन्मेष सिंगापुरात रुजला. विद्यापीठात तो समुद्राचं पाणी गाळायच्या पडद्यांवर संशोधन करायचा. तिथे सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणत. डॉक्टर म्हणणारी माणसं जगात पुष्कळ मिळतात. बाथरूमच्या दारावर थाप मारणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

आणि आता ते नशीब समोर बसून, पापड मोडता मोडता, “आमटी तिखट नाही ना झाली तुम्हाला?” असं विचारत होतं.

“काका, काही चुकलं का माझं?”

“छे छे. तुमचं काय चुकणार? तुम्ही लेखक माणूस.”

‘लेखक’ या शब्दापाशी विमलकाकूंनी आमटीचा डाव पातेल्यात आपटला.  उन्मेषने टीपॉयकडे पाहिलं. तिथे महाराष्ट्र मित्रमंडळाच्या त्रैमासिकाचा, ‘दुवा’चा, दिवाळी अंक उघडा पडला होता. त्याचाच लेख वर होता.

*

या सगळ्याला मुळात जबाबदार होता अमेरिकेतला एक फुटबॉल कोच. सिंगापूर कुठे आहे हे त्या बिचाऱ्याला नकाशा देऊनही सांगता आलं नसतं.

उन्मेषने पीएचडी केली ती मक्याच्या शेतांनी चारही बाजूंनी वेढलेल्या एका गावात. गावात विद्यापीठ होतं आणि विद्यापीठाची फुटबॉल टीम होती. टीमचं नाव मस्करॅट्स, म्हणजे पाणउंदीर. वाघ-सिंह-गरुड बहुधा संपले असावेत. या पाणउंदरांचा हेड कोच होता डेल हॅगर्टी. तो स्वच्छ उन्हात रेनकोट घालून मैदानाच्या कडेला उभा राहायचा आणि हरायचा.

अमेरिकन फुटबॉल मराठी माणसाला समजावून सांगणं अवघड नाही. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या की चौथीला चेंडू शक्य तितका लांब लाथाडून समोरच्या टीमला देऊन टाकायचा, म्हणजे निदान त्यांना लांबून सुरुवात करावी लागते. याला पंट म्हणतात. धाडसी कोच चौथीलाही जोर लावून बघतो. कोच हॅगर्टी अकरा वर्षांत धाडसी झाला नव्हता. एकदा मॅच संपायला चाळीस सेकंद उरले होते, टीम तीन गुणांनी मागे होती, आणि त्याने पंट केला. पत्रकारांनी विचारलं, “का?” तो म्हणाला, “फिल्म बघून सांगतो.” फिल्म म्हणजे मॅचचं चित्रण, आणि हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर होतं. का हरलात? फिल्म बघून सांगतो. का जिंकलात? त्यावर तो जास्तच गोंधळायचा आणि म्हणायचा, “फिल्म बघावीच लागेल.”

उन्मेष त्याचा भक्त झाला तो एका सुपरमार्केटच्या रांगेत. पहिली थंडी, गावात ओळखीचं कुणी नाही, हातात कांद्यांची पिशवी. पुढे रेनकोट घातलेला एक उंच माणूस. त्याने वळून या अनोळखी भारतीय पोराला अगदी मनापासून विचारलं, “तुला काय वाटतं, काल चौथीला जोर लावायला हवा होता?” उन्मेषला तेव्हा फुटबॉल गोल असतो की लांबट हेही माहीत नव्हतं. तो म्हणाला, “हो.” कोचने गंभीरपणे मान हलवली. “फिल्म बघतो,” म्हणाला. तीन महिन्यांत उन्मेषला त्याचं मत विचारणारा तो पहिला माणूस होता.

सिंगापुरात आल्यावर सोय अशी झाली की तिकडच्या शनिवार संध्याकाळच्या मॅचेस इकडे रविवारी सकाळी इंटरनेटवरून रेडिओवर ऐकू यायच्या. उन्मेष लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवायचा, काका चहा घेऊन शेजारी बसायचे. खेळ त्यांना कळत नसे. पण कोच आवडला होता.

“सभ्य माणूस आहे,” ते म्हणायचे. “दिलं, चेंडू देऊन टाकला. भांडण नको.”

“काका, भांडण हाच खेळ आहे.”

“असू दे. तू गप. आपले उंदीर कुठपर्यंत आलेत?”

काका त्या भागातल्या महाराष्ट्र मित्रमंडळाचे अध्यक्ष होते. दर वर्षी निवडणूक व्हायची आणि दर वर्षी दुसरं कुणी उभंच राहायचं नाही. अशी अकरा वर्षं.

इथे शहाण्या वाचकाच्या लक्षात आलं असेल. उन्मेषच्या आलं नव्हतं.

*

‘दुवा’च्या संपादक सुलेखाताई. नोव्हेनाला एका इस्पितळात त्या पेशंटांचे रेकॉर्ड सांभाळत, आणि तिथे दिवसभर जे इंग्रजी सोसावं लागे त्याचा सूड त्या ‘दुवा’त घेत. अंकात एकही इंग्रजी शब्द चालणार नाही, हा त्यांचा नियम. दुसरा नियम, राजकारण नको.

उन्मेषने कोचवर विनोदी लेख दिला. सुलेखाताईंनी तो शुद्ध केला.

हेड कोचचा ‘प्रमुख मार्गदर्शक’ झाला. टीमचा ‘संघ’ व्हायचा, पण संघ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलताच संघ येतो, म्हणून ‘मंडळ’. मॅचचा ‘सामना’ व्हायचा, पण सामना म्हटलं की पेपर आठवतो, म्हणून ‘कार्यक्रम’. ‘फिल्म बघून सांगतो’चं ‘नोंदी बघून सांगतो’ झालं. पंट म्हणजे ‘जबाबदारी दूर भिरकावून देणे’. पाणउंदीर अशोभनीय म्हणून गेले. परदेशी माणसाचं नाव छापून उद्या बदनामीचा दावा आला तर कोण निस्तरणार, म्हणून डेल हॅगर्टी गेला. आणि उन्मेष कोचला प्रेमाने ‘तो’ म्हणत होता, ते ताईंना खटकलं. वडीलधाऱ्या माणसाला ‘तो’? त्यांनी सगळीकडे ‘ते’ केलं.

छापून आलं ते असं:

‘आमच्या मंडळाचे प्रमुख मार्गदर्शक गेली अकरा वर्षं पदावर आहेत. प्रत्येक कार्यक्रमात मंडळाची फजिती होते. कारण विचारलं की ते म्हणतात, नोंदी बघून सांगतो. जबाबदारी अंगावर आली की ते ती शक्य तितक्या दूर भिरकावून देतात, आणि आश्चर्य म्हणजे लोक टाळ्या वाजवतात. निवृत्तीबद्दल विचारलं तर म्हणतात, पद काय, आज सोडीन. पण मग रविवारी इस्त्रीचे कपडे घालून जायचं कुठे?’

गोविंदकाका मंडळाच्या सभेत कुठल्याही प्रश्नाला ‘इतिवृत्त बघून सांगतो’ असं उत्तर देत. हे सिंगापुरातल्या समस्त मराठी माणसांना ठाऊक होतं.

पहिला फोन आला चारुदत्तचा. तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला हा गृहस्थ फोनवरही टाय बांधल्यासारखा बोलत असे.

“काय हाणलायस रे! आणि त्यांच्याच घरात राहून! हिंमत लागते.”

“अहो, तो फुटबॉलचा कोच आहे.”

“हां हां, कोच,” चारुदत्त खुसखुसला. “कुणी विचारलं तर हेच सांग. मस्त आहे. मी झेरॉक्स काढतोय. या वर्षी मीही उभा राहतोय, तुला म्हणून सांगतो.”

“अहो, अमेरिकेत आहे तो! रेनकोट घालतो!”

“रेनकोट! वा! परवाच्या सहलीत गोविंदरावांनी घातला होता, तेही आलंय होय? माझं लक्षच नव्हतं.”

उन्मेषने आठवडाभर सगळ्यांना खुलासे केले. प्रत्येक खुलाशाने लेख जास्त गाजला. शिवाय मंडळात असं निष्पन्न झालं की आणखी तीन जणांना तो लेख आपल्यावर वाटला होता. ढोलपथकाचे प्रमुख, भोजन समितीचे निमंत्रक, आणि सुलेखाताईंचे यजमान शिरीष, ज्यांच्याकडे मंडळाचं कुठलंही पद नव्हतं. “मी तरी काय अकरा वर्षं दुसरं करतोय?” ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

त्यात दिवाळी पहाट आली. हॉलचा अर्ज भरायचा काका विसरले. पहाटे साठ माणसं नटूनथटून कम्युनिटी क्लबच्या दारात पोचली, तर आत चिनी आज्यांचा लाइन डान्सचा वर्ग. आज्यांनी तो रीतसर बुक केला होता. काका आत गेले, दोन मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, “त्यांचं बरोबर आहे. आपण खाली बसू.” मग ब्लॉकच्या खाली, सायकलींच्या स्टँडशेजारी सतरंज्या पडल्या. पुण्याहून आलेल्या गायिकेने भटियार लावला आणि वरून ताल आला तो चा-चा-चाचा.

“भिरकावली,” मागून कुणीतरी कुजबुजलं. “लांब भिरकावली.”

सगळे हसले. काकांनी ऐकलं. ते मान ताठ ठेवून भटियार ऐकत राहिले.

*

घरी काकांचं ‘तुम्ही’ दिवसेंदिवस पक्कं होत गेलं. बाथरूमच्या दारावर थाप पडेना. उन्मेष मुद्दाम आत पाऊण तास बसून पाहू लागला. काका बाहेर उभे राहून बस चुकवत, पण दार वाजवत नसत. एकदा तर दाराबाहेरूनच ते त्याला म्हणाले, “सावकाश, सावकाश. तुमचं आटपू दे.” इतका अपमान त्याचा जन्मात कुणी केला नव्हता.

रविवारी मॅचच्या वेळी ते फिरायला जाऊ लागले. उन्मेष एकटाच लॅपटॉपसमोर बसे. पाणउंदीर हरत होते, पण आता त्यातही मजा उरली नव्हती.

शेवटी वार्षिक सभेच्या आधीच्या बुधवारी, काका ऑफिसातून आल्या आल्या, उन्मेषने त्यांना जेवणाच्या टेबलापाशी गाठलं. काकांच्या गळ्यात कंपनीचा पास अजून लटकत होता.

“काका, तो लेख तुमच्यावर नाही.”

“मला कळत नाही का? हॅगर्टीच आहे तो. तुझ्या— तुमच्या शेजारी बसून मीच ऐकत होतो ना दोन वर्षं.”

त्या अर्ध्या ‘तुझ्या’च्या जोरावर उन्मेषने विचारलं.

“मग रागावलात का?”

“रागावलो नाही. लोक मला हसतात, एवढंच. आता ते हॅगर्टीला हसतायत असं समजून मी घरी बसू? मला तेवढं सोंग येत नाही.” त्यांनी चष्मा पुसला. “पण एक सांगा. सगळं त्याचंच आहे? माझं काही नाही?”

“एक अक्षर नाही! कागदावर दाखवतो.”

“दाखवा,” काका म्हणाले. कागदावर दाखवतो म्हटलं की ते थोडे सैल होत. इंजिनियर होते.

विद्यापीठाच्या वेबसाइटवर कोचच्या दर आठवड्याच्या पत्रकार परिषदा शब्दशः होत्या. उन्मेष दोन दिवस संशोधन सोडून त्या वाचत बसला. लेखात कोचची म्हणून दिलेली वाक्यं होती बारा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अकरा सापडली. कुठलं कोणत्या तारखेला, कोणत्या हरलेल्या मॅचनंतर, सगळं. दहावं सापडेना. इस्त्रीच्या कपड्यांचं.

त्याने कपडे, इस्त्री, सूट, निवृत्ती असे सगळे शब्द शोधले. नाही. मग तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याला आठवलं.

जुलै महिना. काकू बहिणीकडे पुण्याला गेलेल्या. मंडळाची बैठक होती आणि काका टेबलावर चादर पसरून स्वतःच कुडत्याला इस्त्री करत होते. तो ब्रेडला लोणी लावत होता. त्याने सहज विचारलं होतं, “काका, सोडत का नाही हे अध्यक्षपद? कटकट नुसती.” काका म्हणाले होते, “पद काय, आज सोडीन रे. पण मग रविवारी इस्त्रीचे कपडे घालून जायचं कुठे?”

उन्मेष खदखदून हसला होता. काकाही हसले होते. पण आधी तो हसला होता, मग काका.

ते वाक्य त्याच्या डोक्यात तीन महिने मुरलं आणि लिहिताना कोचच्या तोंडून बाहेर पडलं. त्याने ते चोरलं होतं, आणि चोरताना त्याला ते स्वतःचं लाडकं हॅगर्टी-वाक्य वाटलं होतं. सगळ्या सिंगापूरला सगळ्यात जास्त हसवलं होतं ते त्याच वाक्याने.

त्याने अकरा वाक्यांची प्रिंट काढली. दहाव्याची जागा अशा बेताने मिटवली की नवव्याच्या खाली अकरावं नीट बसावं.

काका लाल पेन घेऊन बसले. एक वाक्य वाचायचे, तारीख बघायचे, बरोबरची खूण करायचे. “हे ठीक. पुढे.” काकू शेंगा सोलत बसल्या होत्या. नऊ झालं. काकांचं पेन थांबलं.

“दहावं राहिलं.”

“ते... मिळालं नाही अजून. असेल कुठेतरी.”

काका अंक उघडून वाक्य वाचत राहिले. मग त्यांनी विचारलं, “तिकडे मॅच कुठल्या वारी असते?”

“शनिवारी.”

“मग रविवार कुठून आला?”

उन्मेष म्हणाला, “आपल्याकडे रविवारी ऐकू येते ना, म्हणून...”

“ऐकू आपल्याला येते. कपडे त्याला घालायचेत.”

काकूंनी शेंग सोलायची थांबवली. काकांनी उरलेल्या दोन वाक्यांवरही खुणा केल्या, पेनचं टोपण लावलं, कागद सरळ केले, आणि त्याच्याकडे सरकवले.

“अकरा बरोबर आहेत,” ते म्हणाले. “मेहनत घेतलीत तुम्ही. आता जेवून घ्या.”

*

वार्षिक सभा रविवारी दुपारी तीन वाजता त्याच हॉलमध्ये होती. या वेळी अर्ज चारुदत्तने भरला होता. विषयपत्रिकेवर पाचवा विषय असा: ‘“दुवा”तील लेखात उल्लेखिलेले प्रमुख मार्गदर्शक नेमके कोण, याबाबत विचारविनिमय.’ सहावा विषय अध्यक्षांची निवड.

काका व्यासपीठावर बसले होते. कुडत्याची घडी चाकूसारखी होती. चारुदत्तने खुर्च्यांवर लेखाच्या झेरॉक्स ठेवल्या होत्या, आणि ज्यांनी अंक वाचला नव्हता ते आता वाचून हसत होते.

पाचवा विषय आला तेव्हा उन्मेष उठला. काकांनी त्याला काही बोलायला सांगितलं नव्हतं आणि बोलू नको असंही सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याला दोन दिवसांत चहाशिवाय काही विचारलंच नव्हतं. त्याने ठरवलं होतं की आधी लोकांना कोच पटवायचा. तो फळ्यापाशी गेला आणि त्याने मैदान काढलं.

“हे मैदान. शंभर यार्ड.”

“गार्डनचा प्लॉट आहे का?” भोजन समितीने विचारलं.

“नाही, फुटबॉल. इथे चार संधी मिळतात. तीन फुकट गेल्या—”

“संक्रांत, पाडवा, गणपती,” ढोलपथकाचे प्रमुख मोजत म्हणाले. “बरोबर. तिन्ही फुकट गेले.”

“आणि चौथी दिवाळी पहाट!” मागून आवाज आला.

हॉल फुटला. उन्मेषने बाण काढले, पाणउंदीर काढला. पाणउंदराला मिशा काढल्यावर तो दुर्दैवाने चारुदत्तसारखा दिसू लागला आणि काकांच्या बाजूचेही हसले. तो जितकं समजावून सांगे तितकं लोक डोळे पुसत. अख्ख्या सभेत त्याच्यावर विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती होती, सुलेखाताईंची चौदा वर्षांची अदिती. तिला मराठी वाचता येत नव्हतं.

“मम्मी, इट्स अमेरिकन फुटबॉल लाह,” ती वैतागून म्हणाली. “ही ऑलरेडी सेड.”

“गप्प बैस, मोठी माणसं बोलतायत,” सुलेखाताई म्हणाल्या.

उन्मेषने व्यासपीठाकडे पाहिलं. काका समोर बघत होते, भटियार ऐकताना बघत होते तसेच. आणि त्याला कळलं की हे सगळं पटलं असतं, तरी त्यातून काकांना काही मिळालं नसतं. त्याने खडू खाली ठेवला.

“एक वाक्य कोचचं नाही,” तो म्हणाला.

हसू जरा ओसरलं.

“रविवारच्या कपड्यांचं. ते काकांचं आहे. म्हणजे, सभेत बोललेलं नाही. घरी बोललेलं आहे. काकू नव्हत्या, काका इस्त्री करत होते, आणि मी विचारलं म्हणून ते म्हणाले. मला वाटलं, विनोद आहे. मग मी ते लिहिलं, आणि कुणाचं आहे तेही विसरलो. बाकी अकरा वाक्यांना तुम्ही हसा. मीही हसतो. त्या वाक्याला हसू नका. मला तेवढंच सांगायचं होतं.”

कुणी हसलं नाही. एक झेरॉक्स पंख्याच्या वाऱ्याने खुर्चीवरून घसरत जमिनीवर पडली. पहिल्या रांगेत शिरीषरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. उन्मेषला वाटलं, आपण काहीतरी दुरुस्त केलं. मग त्याने काकांचा चेहरा पाहिला. आतापर्यंत ते वाक्य कुणाचं, याची नुसती शंका होती. आता साठ माणसांना ते ठाऊक होतं, इस्त्रीसकट.

काकांनी माइक ओढला.

“वक्त्यांनी आसनस्थ व्हावं,” ते म्हणाले.

दोन महिन्यांपूर्वी जे ‘अरे ए’ होतं, ते ‘तुम्ही’च्याही पलीकडे गेलं होतं. उन्मेष आसनस्थ झाला.

“सहावा विषय. अध्यक्षपदासाठी माझं नाव होतं, ते मी मागे घेतो.” हॉलमध्ये चुळबुळ झाली. सचिवांनी वही उघडली, तसे काका त्यांच्याकडे वळले. “कारण इतिवृत्तात नोंदवू नये.”

चारुदत्त बिनविरोध निवडून आला. टाळ्या झाल्या, पण त्याच्या बाजूने झेरॉक्स वाटणाऱ्यांनीही त्या जपून वाजवल्या.

*

घरी जाताना काका पाच पावलं पुढे चालत होते. मागून काकू आणि उन्मेष. छपराखालच्या वाटेने, बसस्टॉपवरून, ब्लॉकखालच्या टेबलांवर बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना वळसा घालून.  लिफ्टमध्ये काका दाराकडे तोंड करून उभे राहिले. उन्मेषला त्यांची मान तेवढी दिसत होती. मागून ती फार म्हातारी दिसत होती.

काकूंनी दार उघडलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी चपला काढल्या. कुडत्याची बटणं सोडता सोडता त्यांनी भिंतीकडे बघत बोलायला सुरुवात केली.

“उन्मेष.”

“हो, काका.”

“महिनाअखेर खोली सोड.”

काका अजून भिंतीशीच बोलत होते.

“घरात माणूस काय वाटेल ते बोलतं. म्हणून घर असतं. आणि चुकून लिहिलंस, ते मी एक वेळ समजलो असतो. पण तू कागदावरून दहावं वाक्य पुसून माझ्यासमोर ठेवलंस. माझ्यासमोर! छत्तीस वर्षं मी लोकांची ड्रॉइंग तपासतोय. मला कळणार नाही? आणि ते निस्तरायला भर सभेत उठून सगळ्यांना सांगितलंस. कुणी सांगितलं होतं तुला? विचारलंस मला? अक्कल कुठे ठेवून येतोस तू, त्या पडद्यांत गाळून येतोस का?” त्यांचा आवाज चिरकला. “लाज वाटायला हवी होती तुला.”

“वाटते, काका.”

“तोंड वर करून बोलू नकोस. जा.”

त्यांनी कुडता काढला, घडी न घालता खुर्चीवर टाकला आणि बेडरूमचं दार आतून लावून घेतलं.

उन्मेष हॉलमध्ये तसाच उभा राहिला. काळजात कळ होती आणि तिच्या शेजारीच काहीतरी सैल झाल्यासारखंही वाटत होतं. दोन्हींपैकी खरं कोणतं, ते त्याला ठरवता येईना. नवी खोली शोधायला हवी होती. पोस्टडॉकच्या पगारात ती कुठे मिळेल, हा विचार त्याने करून बघितला. तो पुढे सरकेना.

काकू पदराला हात पुसत दारात आल्या.

“काय म्हणाले?”

“खोली सोड म्हणाले.”

काकू पुढे आल्या.

“‘सोडा’ म्हणाले, की ‘सोड’?”

“सोड.”

“नक्की?”

“नक्की. नंतरही पुष्कळ बोलले. सगळं एकेरीत.”

काकूंनी बेडरूमच्या बंद दाराकडे पाहिलं, मग खुर्चीवरचा कुडता उचलला आणि झटकला.

“मग राग निवायला चार-सहा महिने जातील,” त्या म्हणाल्या. “रोज बोलतील. ऐकून घे.”